चार एकरांतला राजदूत

१ जून १९९७, रविवार. सकाळी ७.
नवी वही. फक्त माझ्यासाठी. पुढेमागे कोणी आत्मचरित्र मागितलंच तर कच्चा माल तयार असावा, एवढाच हेतू.

परिस्थिती थोडक्यात. सत्तावीस वर्षं परराष्ट्र खातं. सात देश. शेवटी एका बेटावर कार्यवाहक राजदूत, नऊ दिवस. (खरे राजदूत मूळव्याधीच्या ऑपरेशनला गेले होते. हा तपशील मी भाषणात घेत नाही.) मग स्वेच्छानिवृत्ती. आता मुक्काम सोनओहळ, घोटीपासून आठ किलोमीटर. भाताची चार एकर जमीन, दोन खोल्या, ओटा, वर पत्रे. शिवाय नाशिकच्या दैनिकात दर रविवारी माझं सदर, ‘जगाची नाडी’. एकाच वेळी शेतकरी आणि भाष्यकार. अशी माणसं जगात फार नसतील.

आज उज्वलाने विषय काढलाच. म्हणाली, अहो, दोन वर्षं झाली. तांदूळ आपण घोटीहून विकत आणतो आणि पत्त्यात शेतकरी लिहितो. यंदा दिवाळीच्या आत चारही एकरांचं भात कापून खळ्यावर आलं नाही, तर जमीन त्या रिसॉर्टवाल्याला द्यायची आणि आपण नाशिकला, कॉलेज रोडच्या फ्लॅटवर. मी म्हणालो, हा अल्टिमेटम समजायचा का? ती म्हणाली, काय समजायचं ते समजा, मी सांगितलं.

पहिल्या वर्षी मी निरीक्षण केलं. दुसऱ्या वर्षी रोप तयार होतं पण लावायला माणसं मिळाली नाहीत. दोन्ही वर्षं वाया गेली असं उज्वला म्हणते. मी त्याला पायाभरणी म्हणतो.

कॉलेज रोडला परत जायचं नाही. तिथे खालच्या मजल्यावरचे लोक मला ‘काका’ म्हणतात.

संकल्प: १) रोज पाचला उठणे. २) मातीशी नातं.

२ जून. ९.२०.
उठलो.

१० जून.
रोपासाठी बी पेरलं. म्हणजे शेजारच्या रावजीने पेरलं. मी छत्री धरली होती. रावजी म्हणाला, साहेब, छत्री बियाण्यावर नको, त्याला पाऊस पायजे. रास्त मुद्दा. नोंद घेतली.

रावजी हा इथला जुना शेतकरी. त्याचं घराणं कित्येक पिढ्या याच डोंगराखाली भात पिकवतंय. बोलणं कमी. असे लोक वाटाघाटीत अवघड जातात.

२१ जून. दुपारी ४.
ऐतिहासिक दिवस!

रावजी आणि त्याची बायको चांगुणा ओट्यावर आले. म्हणाले, साहेब, यंदा आमच्या सावडीत या. मी खुर्ची पुढे ओढली. रावजीने समजावलं: आठ घरं आहेत. लावणीला सगळे मिळून एकेकाच्या शेतात जातात, सोंगणीला म्हणजे कापणीलाही तसंच. आम्ही तुमच्या शेतात येऊ, मग तुम्ही दोघं आमच्या सगळ्यांच्या शेतात यायचं. पैसे द्यायचे नाय, घ्यायचे नाय. माणसाला माणूस.

मी मनातल्या मनात उभाच राहिलो. हा तर बहुपक्षीय करार! आठ राष्ट्रं आणि नववा मी. परस्पर भेटींची तरतूदसुद्धा आहे. उज्वला मध्येच म्हणाली, अहो, आमच्या माहेरी देवळ्याला कांदे लावायला असंच असायचं, मला माहीत आहे, आपण दोघं जाऊ. तिला म्हटलं, तू चहा बघ. (देवळ्यात लहानपणी चार कांदे उपटले असतील. त्याने धोरण कळत नाही.)

२३ जून.
मसुदा तयार. चौदा कलमं, एक परिशिष्ट. घोटीला टाइप करून आणला. रावजीने शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, यात कामाचं कुठं लिव्हलंय? मी म्हणालो, ते कराराच्या आत्म्यात आहे. त्याने चांगुणाकडे बघितलं. चांगुणाने डोंगराकडे बघितलं. मग रावजीने सही केली.

संकल्प: कराराचं पूर्ण पालन. सत्तावीस वर्षांत माझ्याकडून कधी शब्द फिरला नाही. कोणी शब्द विचारलाही नव्हता, पण तो भाग वेगळा.

६ जुलै, रविवार. सकाळी ८.
पहिला मान आम्हाला. पंधरा माणसं आली, बायका जास्त, सगळ्यांच्या डोक्यावर पावसासाठी पानांची इरली. मी बांधावर उभं राहून प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. रिसीव्हिंग लाइन म्हणतात याला. सहाव्या नंबरला चांगुणा होती. म्हणाली, साहेब हात सोडा, रोपं खोळंबली. शिष्टाचाराची सवय नाही लोकांना. होईल.

मग स्वागतपर भाषण केलं. अठरा मिनिटं. विषय: भात आणि मानवजात. पूर्ण वेळ सगळ्यांच्या माना खाली होत्या. इतक्या आदराने मला कोणत्याही राजधानीत कोणी ऐकलेलं नाही. तेवढ्यात दोन खाचरं लावूनही झाली होती.

उज्वला चिखलात उतरली, साडी खोचून. एका राजदूताच्या पत्नीने! मी खूण केली. तिने बघितलं नाही.

७ जुलै. संध्याकाळी.
चारही एकर लावून झाले. दोन दिवसांत! जे दोन वर्षांत जमलं नाही ते करारामुळे जमलं. उज्वला म्हणाली, करारामुळे नाही हो, माणसांमुळे. बायका तपशिलात अडकतात.

प्रत्येकाला आभारपत्र दिलं, जाड कागदावर. गेणूच्या घरी ते देवाच्या फळीवर ठेवलंय असं ऐकलं. त्याला वाटलं सरकारकडून काहीतरी आलंय.

८ जुलै.
पहिली परतभेट, रावजीच्या शेतावर. करड्या रंगाचा सूट घातला, गमबूट, आणि स्वतःची खुर्ची नेली. यजमानांवर भार नको. भेटवस्तू म्हणून आमच्या वकिलातीतली उरलेली एक ढाल, वर सोनेरी सिंह. ती रावजीला बांधावरच सुपूर्द केली. दोन्ही हातांत रोपांच्या जुड्या, त्यामुळे त्याने ती काखेत धरली. हृद्य प्रसंग. फोटो काढणारं कोणी नव्हतं.

पावणेअकरापर्यंत थांबलो. अशा समारंभात जास्त वेळ थांबलं की लोकांना संकोच होतो. उज्वला मागे राहिली, संध्याकाळी सहाला आली. चिखलाने ओळखू येत नव्हती. मी विचारलं, इतका वेळ काय करत होतीस? तिने आंघोळीचं पाणी तापवायला लावलं मला.

१० जुलै.
गेणूच्या शेतावर अर्धा तास. खुर्ची रुतली. काढायला चार माणसं लागली, म्हणजे लावणीतली चार माणसं. चांगुणा म्हणाली, साहेब, उद्यापासून खुर्ची घरीच ऱ्हाऊ द्या. आणि तुमीबी बसा तिच्यावर. किती काळजी!

१२ जुलै.
पाठीत उसण. (खुर्ची उचलायला मदत केली होती, सूचना देऊन.) आज सुलाबाईच्या शेतावर जाता येणार नव्हतं. दिलगिरीपत्र पाठवलं, रीतसर, तृतीयपुरुषी: ‘श्री. प्रभाकर निकम हे सौ. सुलाबाई यांच्याप्रति अत्युच्च आदर व्यक्त करण्याची संधी घेतात, आणि अपरिहार्य कारणास्तव...’ वगैरे. उज्वला घेऊन गेली. विशेष दूत म्हणून तिची नेमणूक केली आहे. तिला तसं सांगितलं. म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय, खा.

१३ ते १९ जुलै.
पत्र. पत्र. पत्र. एक दिवस पाऊस जास्त होता म्हणून पत्र नाही, नुसता निरोप. उज्वला रोज जाते. तिच्या हाताची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली आहेत. मी म्हणालो, एवढं करायची गरज नाही, आपण प्रतिनिधित्व करतोय. ती म्हणाली, आठवी पाळी उद्या आहे, तुम्ही एकदा तरी चला. मी म्हणालो, उद्या सदर पाठवायचं आहे. खरंच पाठवायचं होतं.

२० जुलै.
सदर पाठवलं. घोटीला एसटीडी बूथवर फॅक्स. शीर्षक: ‘सावड: लहान राष्ट्रांसाठी मोठा धडा’. परस्परांच्या श्रमावर उभी असलेली ही व्यवस्था मी आतून अनुभवली, असं लिहिलं. ‘चिखलात उतरल्याशिवाय हे कळत नाही’, हे वाक्य मला फार आवडलं. बूथवाल्याने फॅक्स करताना ते वाचलं आणि माझ्या बुटांकडे बघितलं. माणूस चौकस आहे.

संपादक महेश यांचा फोन. म्हणाले, सर, या वेळी विषय जवळचा घेतलात, बरं वाटलं. गेले दहा आठवडे आपण त्या सामुद्रधुनीतच होतो.

३ ऑगस्ट.
लेखावर पत्रं आली. तीन. एक उज्वलाच्या भावाचं, ते धरायचं नाही. एक माझं, टोपणनावाने, चर्चा सुरू व्हावी म्हणून. तिसरं पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षवाल्याचं. विचारतो, साहेब, आपण स्वतः किती दिवस वाकलात? उत्तर लिहिलं: प्रश्न तांत्रिक आहे.

७ सप्टेंबर.
पिंपळगावला व्याख्यान. विषय त्यांनी दिला होता ‘निर्यात आणि द्राक्ष’. मी तो किंचित व्यापक केला. एक तास चाळीस मिनिटं जग, शेवटची दोन मिनिटं द्राक्ष. श्रोते अकरा. त्यातले चार टेम्पोवाले पाऊस थांबायची वाट बघत होते, पण त्यातल्या एकाने टाळी वाजवली. पाऊस थांबला होता, हे नंतर लक्षात आलं.

भात मस्त. लोंब्या भरताहेत. बांधावरून बघताना छाती फुगते. हे सगळं माझ्या मुत्सद्देगिरीचं फळ, असं उज्वलाला सांगितलं. ती लोंब्या हातात घेऊन बघत होती. हसली. बऱ्याच दिवसांनी.

११ ऑक्टोबर, दसरा.
गावात सोनं वाटलं. सगळ्यांच्या घरी गेलो, या वेळी चालत, खुर्चीशिवाय. प्रत्येकजण उज्वलाला घरात नेत होता, चुलीजवळ. मला ओट्यावर. सन्मानाची जागा.

रावजीला म्हटलं, सोंगणी कधी? म्हणाला, तुमचं इंद्रायणी भात हाय, आठवड्यात येतो. शब्दाचा पक्का माणूस.

१८ ऑक्टोबर. दुपारी ३.
काय चाललंय हे?

सकाळी पंधराच्या पंधरा माणसं आली. विळे चालू झाले. मी या वेळी भाषण दहा मिनिटांत आटपलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन एकर झाले. जेवल्यावर सगळ्यांनी हात धुतले, विळे कमरेला खोचले आणि चालू लागले. दोन एकर कापलेलं, दोन एकर उभं. मधोमध सरळ रेघ. दोरी लावून आखलेली! एका बाजूला कापलेल्या भाताचे बुडखे, दुसऱ्या बाजूला उभं भात, वाऱ्यावर डुलतंय.

मी रावजीला स्पष्टीकरण मागितलं. तो म्हणाला, बाईंचं झालं. हे तुमचं.

मी म्हणालो, शेत एकच आहे. तो म्हणाला, माणसं दोन हायेत. बाई लावणीला आठी घरी आल्या, त्यांचं आम्ही फेडलं. तुमचं लावणीला आम्ही उसनं दिलं, ते काय परत आलं नाय. मी चौदा कलमं आठवून दिली. दिलगिरीपत्रांचा उल्लेख केला. पाच घरी पत्रं, एका घरी निरोप, सगळं रेकॉर्डवर आहे. रावजीने मान हलवली. म्हणाला, पत्र आलं साहेब. माणूस नाय आला.

२० ऑक्टोबर.
नकाशा काढला. रेषेच्या या बाजूला ‘प्रशासित क्षेत्र’, त्या बाजूला ‘वादग्रस्त क्षेत्र’. उज्वलाने तो नकाशा भाजीच्या टोपलीखाली अंथरला.

निर्बंध लागू केले आहेत. रावजीने रामराम केला की मी उत्तर देत नाही. अडचण एवढीच की तो सोंगणीच्या गडबडीत आहे, रामराम करायला इकडे येतच नाही.

२४ ऑक्टोबर.
उज्वलाच्या वाटचं झोडून, वारवून कणगीत पडलं. तिने तांदूळ सडून आणला आणि भात केला. कुकर उघडल्यावर घरभर वास. मी दोनदा वाढून घेतला. ती म्हणाली, कसा आहे? मी म्हणालो, उत्कृष्ट. ती म्हणाली, हा माझा. तुमचा अजून शेतात आहे. उंदीर आणि चिमण्या खाताहेत.

मग ती जवळ बसली. म्हणाली, सोमवारी तो रिसॉर्टवाला येऊन गेला, दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. मी बोलले ते बोलले. अर्ध्या शेताची शेतकरीण म्हणून मला इथे राहायचं नाही. रोज त्या उभ्या भातासमोरून पाणी आणायला जाते मी, लाज वाटते हो.

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. अजून ऐकू येतंय.

संकल्प: स्वतः कापणार. उद्यापासून. एकटा.

२५ ऑक्टोबर.
घोटीहून विळा आणला. तीन तास कापलं. जेवणाच्या टेबलाएवढी जागा मोकळी झाली. सहा माणसांचं टेबल, आठांचं नव्हे. डाव्या करंगळीला पट्टी. दुपारी घोटीत मजूर शोधले. कोणी नाही. इथली माणसं आपापल्या सोंगणीला, पेठ-सुरगाण्याकडची सगळी पिंपळगावला द्राक्षाच्या छाटणीला. एका म्हाताऱ्याने विचारलं, तुमच्या गावात सावड नाय का?

टपरीवर चहाही न घेता घरी आलो.

२६ ऑक्टोबर, रविवार.
सदर पाठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. विचार करत होतो.

सापडलं! विश्वासनिर्मितीचा एकतर्फी उपाय. समोरच्याने न मागता, न सांगता, आपण पहिलं पाऊल टाकायचं. म्हणजे गुपचूप जाऊन रावजीचं भात कापून टाकायचं. तो बघेल, गहिवरेल, माझे दिवस फिटतील, सगळे विळे घेऊन माझ्या दोन एकरात. याला आमच्या भाषेत गुडविल म्हणतात. उद्या सकाळी रावजी घोटीला गिरणीवर जाणार आहे. हीच वेळ.

उज्वलाला सांगितलं नाही. चकित होऊ दे.

२७ ऑक्टोबर. सकाळी १०.४५.
सहाला उठलो. (पाचचं ध्येय जवळजवळ गाठलं.) ओढ्याच्या कडेला रावजीचं एक छोटं खाचर आहे, सगळ्यात लांबचं, तिथे कोणी नव्हतं. घुसलो. माझा हात बसला आहे, यात शंका नाही! परवाच्या मानाने विळा लोण्यातून गेल्यासारखा चालत होता. देठ मऊ, ओलसर, हिरवे. सपासप. साडेदहापर्यंत अर्धं खाचर आडवं. पेंढ्या सरळ रांगेत मांडल्या, परेडसारख्या. मी, प्रभाकर निकम, आठ घरांच्या बरोबरीचा शेतकरी.

तेवढ्यात बांधावर चांगुणा दिसली. मी हात हलवला. तिने हलवला नाही. भारावली असावी. आंघोळीला घरी आलो, आता पुन्हा जाणार.

त्याच दिवशी. दुपारी ४.
ते पिकलेलं नव्हतं.

सगळं भात एकदम पिकत नाही. हळवं लवकर, गरवं उशिरा. ते खाचर गरव्याचं, अजून महिनाभर उभं राहायचं होतं. दाणा दाबला तर दूध येत होतं. आणि ते बियाण्यासाठी राखलेलं होतं. रावजीच्या आजोबांपासून दर साली त्याच खाचरातलं बी पुढच्या साली पेरतात. दुकानात मिळत नाही ते.

मी परत गेलो तेव्हा चांगुणा बांधावर बसली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझी एक पेंढी मांडीवर घेतली होती आणि लोंब्यांवरून हात फिरवत होती. रावजी आला. बघितलं. उरलेल्या अर्ध्या खाचरात जाऊन उभा राहिला आमच्याकडे पाठ करून. मग म्हणाला, अर्धं ऱ्हायलं हे नशीब. होईल बियाण्यापुरतं.

मी म्हणालो, झाल्या प्रकाराबद्दल मी खेद व्यक्त करतो. उज्वला धावत आली होती. म्हणाली, अहो, नुसतं चुकलो म्हणा ना. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की खेद आणि माफी यांत फरक असतो, माफी मागितली की जबाबदारी येते, खात्यात आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तिचे डोळे भरले होते. रावजीसाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.

खेदाचं पत्र लिहायला घेतलं. ‘अत्युच्च आदर’पाशी थांबलो.

२८ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.
रावजीच्या ओट्यावर आठही घरं जमली. आम्हालाही बोलावलं. मी प्रास्ताविक निवेदन नेलं होतं, चार पानं. वाचायला कोणी सांगितलं नाही. मांडी घालून बसायचं होतं, पाय आखडले.

उज्वला पहिली बोलली. म्हणाली, माझ्या कणगीतलं भात रावजीदादांच्या घरी जाईल, लागेल तेवढं. आणि पुढच्या साली त्यांच्या बियाण्याच्या खाचरात मी एकटी लावणी करेन. सुलाबाई म्हणाली, बाईंचं कशाला? ज्यानं कापलं त्याच्या वाटचं द्या. मग सगळे कुजबुजले. शेवटी चांगुणाने निकाल सांगितला.

उद्या सगळे येऊन माझे दोन एकर सोंगणार. परवा लक्ष्मीपूजन, त्याच्या आत भात खळ्यावर. त्यातली दोन पोती रावजीला. जमीन विकायची भाषा बाईंनी काढायची नाय. हे सगळं मान्य होतं. मी पेन काढलं.

एक अट हाय, चांगुणा म्हणाली. साहेबांनी शेतात पाय ठेवायचा नाय. आमच्या नाय, गेणूच्या नाय, कुणाच्याच नाय. तुमच्या सोताच्याबी नाय.

मी विचारलं, मग माझी सावड कशी फिटणार? ती म्हणाली, तुमी यायचं नाय, हीच तुमची सावड. तुमचा न येण्याचा दिवस आमी भरला धरू. ओटा हसला. रावजीसुद्धा, थोडं. मी मुदत विचारली, कारण मुदतीशिवाय करार होत नाही. ती म्हणाली, मुदत कसली, कायमचं.

घरी येताना उज्वलाला म्हटलं, एकूण पाहता वाटाघाटी यशस्वी. आठ घरांनी मला विशेष दर्जा दिला. काम न करता पूर्ण वाटा, असा दर्जा या तालुक्यात कोणालाच नाही. सदरात लिहिण्यासारखं आहे. ती म्हणाली, हो.

नुसतं हो.

२९ ऑक्टोबर. सकाळी ११.
ओट्यावरून लिहितोय. समोर माझं शेत. पंधरा माणसं, आणि मध्ये उज्वला, साडी खोचलेली, हातात विळा. माझा विळा. ती काहीतरी बोलली आणि सगळी रांग हसली, तीही. सात देशांतल्या सगळ्या पार्ट्यांत मिळून ती इतकी हसली नसेल. ती रेघ आता अर्ध्याहून जास्त पुसली गेली आहे.

मी ओरडून विचारलं, चहा आणू का? रांगेतून सातआठ हात वर आले. मला वाटलं, हो म्हणताहेत. मी पायरी उतरलो. तेव्हा कळलं की ते हात थांबा म्हणत होते. पायरीवर परत चढलो.

महेशचा फोन येऊन गेला. या रविवारचा विषय विचारत होते. मी म्हणालो, विषय नाही. ते म्हणाले, सर, तब्येत बरी आहे ना?

आमच्या खात्यात एक शिक्षा असते. एखादा देश एखाद्या परदेशी मुत्सद्द्याला कळवतो, तुम्ही आम्हाला नको आहात, निघा. सत्तावीस वर्षांत मी असे अनेक बघितले, सामान बांधताना. त्यांची कीव करायचो. सात देशांनी मला ठेवून घेतलं. मला आज माझ्याच चार एकरांनी काढलं, आणि सातबाऱ्यावर नाव माझं आहे. विशेष दर्जा वगैरे काही नाही. मला फार वाईट वाटतंय. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

दुपारी १.
उज्वला पाणी प्यायला आली. घामाने चिंब, पण चेहरा असा की मी बघतच राहिलो. मी म्हणालो, उज्वला, चुकलो. अर्थ, जबाबदारी, सगळ्यासकट. चुकलो मी.

तिने तांब्या खाली ठेवला. माझ्या करंगळीची पट्टी नीट केली. म्हणाली, मला काय सांगता, रावजीदादांना सांगा. आत्ता सांगा, गरम आहे तोवर.

मी लगेच चपला घातल्या. रावजी शेतात होता. शेतात जायला मला बंदी आहे.